मानमोडी, नवापूर आणि आपलं खुराडं

मंडळी, खाप्यात कन्हानच्या काठी बोलायचं, तर आज घरच्या कोंबडीवर बोलू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण परसात पाच-दहा कोंबड्या पाळताना आधी काय शिकायचं, याचं उत्तर इतिहासातच सापडतं.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही लोक मानमोडीच म्हणतात. विषाणू वेगवेगळे, नाव मात्र एक. राणीखेतवर लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब घालतात; पुढचे डोस पशुवैद्यकाला विचारून द्यायचे. पहिला धडा हा.

दुसरा धडा २००६ चा. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात प्रथमच कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला. तेव्हा वाटलं, हा मोठ्या शेडवाल्यांचा रोग. पण मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांमध्येही निघाला. आणि तो कोंबडीपुरताच राहत नाही. आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, ते याच विषाणूनं.

म्हणून खुराडं राहत्या खोलीपासून वेगळं असावं. जाळी अशी बारीक हवी की मुंगूस, मांजर आत शिरणार नाही. दाणा-पाणी रानपाखरांना उघडं ठेवू नये. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे निराळी ठेवावी. खुराड्यातून आलं की साबणानं हात धुवावेत. पोरांनी कोंबडीचे मुके घेऊ नयेत, हेही सांगून ठेवतो.

खरी अडचण पुढेच आहे. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर दवाखान्यात कळवायचं की गुपचूप उरलेल्या विकून टाकायच्या? साथ निघाली तर आसपासचे निरोगी पक्षीही मारतात. ज्या बाईचा मीठमिरचीचा खर्च अंड्यांवर चालतो, तिला आम्ही 'कर्तव्य कर' एवढंच सांगून मोकळे होणार का? ती कळवते तेव्हा अख्ख्या गावासाठी नुकसान सोसते. मग तिची भरपाई वेळेवर मिळावी म्हणून तिच्यासोबत कचेरीत जाणं, हे गावाचं कर्तव्य ठरतं. तेवढं आपण केलं, तर मेलेली कोंबडी लपवायची पाळी कुणावर येणार नाही.