गुळाचा रंग : कृष्णाकाठच्या गोडाची गोष्ट

दिवाळीच्या आधी वाण्याकडे जी यादी जाते, तीत गोडाचे चार-पाच जिन्नस असतात. लाडवाच्या पाकासाठी साखर, करंजीच्या सारणासाठी पिठीसाखर, अनारशासाठी गूळ, प्रसादासाठी खडीसाखर. सातारा-सांगलीकडच्या घरात याखेरीज काकवीची एखादी बाटलीही असते. हे सगळे जिन्नस एकाच उसाच्या रसातून निघालेले असतात, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्यांतला फरक दोनच गोष्टींचा आहे : रस विस्तवावरून केव्हा उतरवला आणि त्यातून काय वेगळे काढले.

हा फरक आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवायच्या मालाची जी यादी आहे, तीत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या गोडाचे पाच प्रकार एकत्र दिले आहेत. फाणित म्हणजे आटवलेला पातळ रस, आपल्या काकवीचा पूर्वज. गुड म्हणजे गोळा. खंड आणि शर्करा हे त्यापुढचे, कणीदार आणि अधिक स्वच्छ प्रकार. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू. त्यातूनच प्राकृतामार्गे आपली ‘साखर’ आली आणि फारसीत ‘शकर’ गेली. ‘खंड’ अरबी-फारसीतून युरोपात पोचला आणि इंग्रजीत ‘कँडी’ झाला. म्हणजे गोड एकच नव्हे, ते पायऱ्यांनी चढत जाते, ही समज या देशाने जगाला दिली. ती समज कृष्णाकाठी कशी टिकली आणि कशी पुसट झाली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

गुऱ्हाळावर या पायऱ्या आजही डोळ्यांनी दिसतात. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत येतो. चुलवाणात जाळ म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडे असतात. रस तापू लागला की रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चिकट रस आणि थोडी चुन्याची निवळी टाकतात. मळ फेसाबरोबर वर येतो आणि तो झाऱ्याने काढतात. रस आटत १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की ती काकवी. तेथे काहील न उतरवता पाक ११८ अंशांच्या सुमारास नेला, तर गूळ. आणखी तीन-चार अंश वर नेऊन घोटला, तर भुकटी. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का पाहतो, ती काहिलीच्या काठावर मारून आवाज ऐकतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप पावसाळ्यात पाझरते.

घरातली सुगरण याहून वेगळे काय करते? एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक हीच ती पायरी-पायरीची मोजणी. बुंदीच्या लाडवाला पाक तारेचा लागतो, चिक्कीला तो पुढे नेऊन कडक करावा लागतो. आणि कोणत्या पदार्थाला कोणता गोड, याचे उत्तरही रसातून काय काढले आणि काय ठेवले यातच आहे. साखर जवळजवळ निखळ असते. गुळात मूळ साखरेबरोबर द्राक्षशर्करा, फलशर्करा, क्षार आणि ओलावा असतो. ही साधी शर्करा हवेतले पाणी ओढते. म्हणून गुळाचे पुरण मऊ राहते, आणि म्हणूनच करंजीच्या सारणात गूळ घातला तर पारी लवकर मऊ पडते. अनारशाच्या पिठात गूळ अंमळ जास्त झाला की अनारसा तुपात ‘हसतो’, त्यामागेही विरघळून पसरणारा हाच अतिरिक्त गोड असतो. गूळ किंचित आंबट गुणाचा. उकळत्या दुधात घातला तर खीर फाटते, म्हणून ती विस्तवावरून उतरवून जरा निवल्यावर गूळ घालायचा. याच आंबटपणामुळे खाण्याचा सोडा घातलेला गुळाचा केक चांगला फुगतो. आजीने ‘अमक्याला गूळच हवा’ असे म्हटले, तर ती या रसायनाचेच बोलत होती.

हे ज्ञान या भागात रुजायला पाणी आणि लोखंड दोन्ही लागले. कऱ्हाडजवळ खोडशी येथे बंधारा घालून कृष्णा कालवा काढण्यात आला तो १८६० च्या दशकात. कालव्याच्या आणि मोटेच्या पाण्यावर पुंड्यासारखे जुने, मऊ, रसाळ ऊस होत. ते पिळायला लाकडी चरक असे. त्यातून रस पुष्कळसा चिपाडातच राही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे यांबरोबर उसाचे लोखंडी चरकही किर्लोस्करवाडीहून शेतकऱ्याकडे जाऊ लागले. फलटण तालुक्यात पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे कोइमतूरच्या ‘को ४१९’ या जातीने महाराष्ट्रातला ऊस पालटून टाकला. कऱ्हाड आणि सांगली या गुळाच्या मोठ्या बाजारपेठा बनल्या. सांगलीच्या पेठेत हळद आणि गूळ शेजारी-शेजारी विकले गेले.

गूळ असा घरचा असला, तरी पांढरी साखर बराच काळ बाहेरची होती. ‘मोरस’ हा शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात होता, तो मॉरिशसच्या साखरेवरून आला. खडीसाखरेचे ‘मिश्री’ हे नाव मिसर म्हणजे इजिप्तची, तर हिंदीतली ‘चीनी’ चीनची आठवण ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी व ऑस्ट्रियातील बीटची साखर, सरकारी अनुदानाच्या बळावर, इतकी स्वस्त येऊ लागली की १८९९ साली हिंदुस्थान सरकारला तिच्यावर खास जकात बसवावी लागली. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. या बहिष्काराला धर्मभावनेची धार होती : ही साखर जनावरांच्या हाडांनी शुद्ध करतात, असे सांगितले जाई. ते निराधार नव्हते. युरोपातल्या कारखान्यांत रसाचा रंग काढण्यासाठी जळलेल्या हाडांचा कोळसा खरोखर वापरत. कित्येक सोवळ्या घरांत साखर नैवेद्याला चालत नसे, गूळ चाले. रंगावरून गोडाची पारख तेव्हाही होत होती, पण उलट दिशेने : पांढरे ते संशयास्पद, तपकिरी ते आपले.

ही दिशा पुढच्या तीस-चाळीस वर्षांत फिरली. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशी कारखान्यांची रांग लागली. फलटण संस्थानात साखरवाडी उभी राहिली. या गावाचे नावच कारखान्याने दिले. सांगलीच्या शिरगावकर बंधूंनी १९३९ मध्ये उगार येथे कारखाना काढला. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून आणि संस्थानांच्या मुलखातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. प्रवरानगरचा सहकाराचा दाखला समोर होताच. वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने सांगलीचा कारखाना, कऱ्हाडकडे रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, त्यानंतर साखराळे, वाळवा अशी कृष्णाकाठची साखळी तयार झाली. शाळा, दवाखाने, रस्ते या साखळीबरोबर आले. शेतकऱ्याला तोडणी, वाहतूक आणि भाव यांची हमी मिळाली, आणि रात्र-रात्र चुलवाण पेटते ठेवण्याचे कारण उरले नाही. गुऱ्हाळे कमी झाली ती याच हिशोबाने; त्यात कोणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

साखर आपली झाली, तशीच ती मानाचीही झाली. युद्धकाळापासून ती नियंत्रणाखाली होती. १९६७ नंतर काही भाग लेव्हीचा आणि काही खुल्या बाजाराचा अशी विभागणी आली, तरी शिधापत्रिकेवरची साखर आणि सणाची जादा साखर यांची वाट घरोघर पाहिली जाई. जी वस्तू रांगेत उभे राहून मिळते, तिची किंमत वाढते. पाहुण्याला साखरेचा चहा, घरच्यांना गुळाचा, अशी वाटणी पुष्कळांनी पाहिली आहे. पांढरेपणा हीच आता शुद्धतेची खूण ठरली.

या खुणेचा सर्वांत मोठा परिणाम साखरेवर नव्हे, गुळावर झाला. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरत नाहीत. ते चुना आणि गंधकाचा वायू वापरतात. पुढे साखरेचे दाणे मळीपासून वेगळे होतात, तेव्हा त्यातला बराचसा भाग मळीबरोबर निघून जातो. बाजारात पिवळ्याधमक गुळाला चढा भाव मिळू लागला, तशी काही गुऱ्हाळांवर हायड्रॉस पावडर आली. तीही गंधकाचेच संयुग. पण गुळातून काहीच वेगळे काढले जात नाही, त्यामुळे काहिलीत पडलेले गुळातच राहते. शिवाय असा रंग टिकतही नाही. काही महिन्यांत गूळ पुन्हा काळवंडतो. साखर स्वस्त असली की तीच काहिलीत मिसळून गुळाचे वजन वाढवण्याचा प्रकारही होतो. ज्या गुळाला आपण साखरेहून सोवळा मानत होतो, त्याला साखरेसारखे दिसायला आपणच लावले. पेठेत रंग पाहून बोली लागते. पण त्या बोलीच्या मागे शेवटी आपणच, गिऱ्हाईक, उभे असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक पिवळा गूळ लबाडीचा नसतो. ‘को ९२००५’ सारखी जात, निचऱ्याची जमीन, पक्व ऊस आणि भेंडीची नीट मळी काढणी एवढ्यावरही सोनेरी गूळ होतो. उलट काळा गूळ केवळ करपलेला असू शकतो. रंग हा एक पुरावा झाला, निकाल नव्हे. चव खारट लागते का, खडा मोडल्यावर साखरेसारखे चकचकीत दाणे दिसतात का, पाण्यात विरघळल्यावर तळाशी काय उरते, हेही पाहावे लागते.

अलीकडे शहरी स्वयंपाकघरात आणि बेकऱ्यांत गोडाचे प्रकार पुन्हा वाढले आहेत. परदेशी पाककृती वाचून कोणी ‘मोलॅसिस’ शोधते, कोणी ‘ब्राउन शुगर’. ‘मोलॅसिस’ म्हणून काकवी घ्यायला हरकत नाही, पण दोन्ही एक नव्हेत : काकवी म्हणजे काहीही न काढलेला आटवलेला रस, आणि मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी. काकवीचा केक म्हणूनच अधिक गोड आणि कमी कडवट होतो. ब्राउन शुगर पुष्कळदा पांढऱ्या साखरेला मळीचा हात फिरवून केलेली असते. आधी काढून टाकलेले पुन्हा लावलेले. तिच्या जागी चांगल्या गुळाची भुकटी वापरली, तर नानखटाई थोडी मऊ होईल, पण वास उसाचा येईल.

कौटिल्याच्या कोठारात पाच प्रकार होते. मधल्या काळात आपले कोठार जवळजवळ एका प्रकारावर आले, आणि उरलेल्यांनी त्या एकाचा रंग घ्यायचा प्रयत्न केला. आता काकवी, भुकटी, सेंद्रिय गूळ या नावांनी काही पायऱ्या परत दिसू लागल्या आहेत. त्या टिकतील की नाही, हे गुळव्याच्या हातावर जितके आहे, तितकेच यंदाच्या यादीत ‘गूळ, १ किलो’ लिहून झाल्यावर आपण वाण्याला काय विचारतो यावर आहे. ‘पिवळा आहे का?’ हा प्रश्न आपण बरीच वर्षे विचारला. ‘कोणत्या गुऱ्हाळाचा आहे?’ हा त्याहून जुना आणि जास्त उपयोगाचा प्रश्न आहे.