बुद्धी कुणाची मोजायची, आणि कुठल्या खोलीत?

मागच्या महिन्यात कोल्हापुरातला आपला एक कार्यकर्ता मुलगा घरी आला. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. प्रकल्पाचं शीर्षक ठरलेलं होतं : 'राखीव व खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या बुद्धिमत्तेचा तुलनात्मक अभ्यास'. छापील चाचणी, साठ मुलं, शेवटी सरासरी. "दादा, फरक निघाला तर काय लिहू?" मी म्हटलं, हे शीर्षक घेतलंस तिथंच अर्धं उत्तर लिहून झालं.

मित्रांनो, या शीर्षकाला मोठा इतिहास आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत देण्यासाठी. बुद्धी जन्मानं कायमची ठरते, हे त्यांना मान्यच नव्हतं. ती चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा वापर उलटा झाला. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धी मोजली गेली आणि १९२३ मध्ये कार्ल ब्रिगहॅम यांनी त्या आकड्यांवरून वंशांची उतरंड मांडली. वर उत्तर युरोपातले गोरे, तळाला काळे. आपल्याला ही मांडणी ओळखीची वाटते, कारण तिची आपली आवृत्ती फार जुनी आहे.

तिला सडेतोड उत्तर देणाऱ्यांत एक होता एकोणीस वर्षांचा काळा तरुण. होरेस मॅन बॉण्ड नुकताच पदवीधर झालेला, हाताशी प्रयोगशाळा नाही. त्यानं सैन्याचेच छापलेले आकडे घेतले आणि राज्यवार मांडले. इलिनॉय, ओहायोतल्या काळ्यांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सातल्या गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले. बुद्धी रक्तातून येत असेल तर हे कसं? फरक रक्तात नव्हता, शाळांत होता. जून १९२४ मध्ये डु बॉईस यांच्या 'द क्रायसिस' मासिकात हा लेख आला. पुढं १९३० मध्ये खुद्द ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले. आपल्याकडे मात्र पुस्तक मागे घेतल्याची बातमी कधी पोचतच नाही, फक्त पुस्तक पोचतं.

बॉण्डच्या आठ वर्षं आधी त्याच देशात आणखी एका विद्यार्थ्यानं निबंध वाचला होता. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचं चर्चासत्र, वय पंचवीस. बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' आपण सगळे जातीच्या उगमासाठी वाचतो. पण त्यात मानसशास्त्रही आहे. फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत वापरून ते सांगतात की, ब्राह्मणांनी जातीत लग्नाचं बंधन घालून दार लावून घेतलं. काहींनी त्यांचं अनुकरण केलं, तर काहींना दार बंदच सापडलं. यातलं पहिलं स्पष्टीकरण मानसशास्त्रीय आणि दुसरं यांत्रिक, हेही त्यांनीच नोंदवलं. म्हणजे मनाचा अभ्यास करायला ते दार लावणाऱ्याकडे गेले. आपले प्रकल्प मात्र अजून बाहेर उभं राहिलेल्याचं डोकं मोजत बसलेत.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांची घोड्यांची गोष्ट इथं पोरासोरांनाही पाठ आहे. शिष्यवृत्त्या जातीवर नकोत म्हणणाऱ्या सांगलीच्या अभ्यंकर वकिलांना महाराजांनी पागेत नेलं, सगळ्या घोड्यांचं खाणं एकत्र टाकायला लावलं. दांडग्यांनी ते फस्त केलं, अशक्तांना मिळालं नाही. आरक्षणाच्या प्रत्येक सभेत मीही ती सांगत आलो. पण अलीकडं ती सांगताना मी अडखळतो. कारण गोष्टीतला अशक्त घोडा पागेत येतानाच अशक्त असतो. आपली पोरं तशी येत नाहीत. महाराजांचा १९१९चा हुकूम या गोष्टीच्या पुढचा आहे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि मुलांना सर्वांच्या शाळेत बसवा, असं त्यात होतं. तिथं त्यांनी घोडा बदलायला घेतला नाही, पागाच बदलली.

पागेनं काय होतं, याचा पुरावा २००३ साली उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात मिळाला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधकांनी सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले; सुटलेल्या कोड्यामागं पैसे. जात जाहीर न करता दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीनं सोडवत होती. मग काही गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. तशीच मुलं, तीच कोडी. दलित मुलं मागे पडली.

हे ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग हाच प्रयोग इथं करतो." मी नको म्हटलं. भर वर्गात आपल्याच पोरांची जात मोठ्यानं वाचायची, तीही आपणच? शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक साधा आराखडा केला. साठ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाच्या उत्तरपत्रिकेत प्रवर्गाचा रकाना पहिल्या पानावर, दुसऱ्याच्या शेवटच्या. सहभाग ज्याच्या-त्याच्या मर्जीनं, नाव कुठंच नाही, संपल्यावर प्रयोग कशाचा होता ते सगळ्यांना सांगायचं. साठ मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हेही अहवालात स्पष्ट लिहायचं.

शीर्षक त्यानं बदलून दिलंय. मार्गदर्शकांची सही अजून व्हायची आहे. "रकाना कुठं छापला यानं काय फरक पडतो," असं त्यांनी विचारलंय म्हणे.