इपॉक्सी रेझिनने लाकडाची रंध्रपूर्ती

इपॉक्सी रेझिनने लाकडाची रंध्रपूर्ती ही लाकडी वस्तूला अंतिम पॉलिश किंवा वॉर्निश देण्यापूर्वी लाकडाच्या पृष्ठभागावरील उघडी रंध्रे इपॉक्सी रेझिनने भरून तो सपाट करण्याची पद्धत आहे. गिटारसारखी वाद्ये, मेजांचे पृष्ठभाग आणि आरशासारखी चकाकी अपेक्षित असलेल्या फर्निचरसाठी ती वापरली जाते. भरलेले रेझिन घट्ट होताना फारसे आकसत नाही, हा तिचा मुख्य गुण आहे. मात्र ते एकदा भरल्यावर काढता येत नाही.

लाकडाची रंध्ररचना

रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात. फळी कापून रंधल्यावर या नलिका उघड्या पडतात व पृष्ठभागावर बारीक खाचांसारख्या दिसतात. सागात हंगामाच्या आरंभी तयार होणाऱ्या नलिका मोठ्या असल्याने वार्षिक वलयांलगतची रंध्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. शिसव व महोगनी यांची रंध्रेही ठळक असतात. हळदूचे लाकूड बारीक पोताचे असल्याने त्याला रंध्रपूर्तीची गरज सहसा भासत नाही. देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत अशा नलिकाच नसतात.

पारंपरिक पद्धती

महाराष्ट्रातील सुतारकामात खडूच्या भुकटीत पिवडी, गेरू असे रंग लाकडाच्या छटेनुसार मिसळून ते मिश्रण रेषांना आडवे चोळण्याची रीत आहे. मोठ्या भेगा व खिळ्यांची छिद्रे बुजवण्यासाठी लांबी भरतात. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे अनेक हात देऊन पॉलिश केले जाते. हे साहित्य स्वस्त असते आणि दुरुस्तीलाही सोपे जाते. मात्र मिश्रणातील पाणी, तेल किंवा द्रावक उडून गेल्यावर भरण आकसते, त्यामुळे काही महिन्यांनी पृष्ठभागावर रंध्रांचे खळगे पुन्हा दिसू लागतात. रंग नीट न जुळल्यास गडद लाकडात खडूचे पांढरे ठिपकेही उमटतात.

इपॉक्सीचे स्वरूप

इपॉक्सीचा विकास १९३० व १९४० च्या दशकांत झाला. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टाँ आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांनी त्यावर स्वतंत्रपणे काम केले. सीबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये ते अ‍ॅराल्डाइट या नावाने बाजारात आणले. इपॉक्सीचे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग असतात. ते एकत्र केल्यावर रासायनिक अभिक्रियेने घन जाळी तयार होते. द्रावक नसलेल्या प्रकारात उडून जाण्यासारखे जवळजवळ काही नसते, म्हणून रंध्रात भरलेले द्रव्य तेथेच घट्ट होते. रंध्रपूर्तीसाठी पातळ, प्रवाही रेझिन लागते. नळीत मिळणारे दाट चिकटद्रव्य या कामाला सोयीचे नसते.

कृती

लाकूड पूर्ण वाळलेले असावे. साधारणतः ८ ते १२ टक्के ओलावा योग्य मानला जातो. पृष्ठभाग १५० ते २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून रंध्रांतील धूळ काढतात. सागात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने तो लेपनापूर्वी ताजा घासून अ‍ॅसिटोनने पुसतात. लाकडाला रंगछटा द्यायची असल्यास ती आधीच द्यावी लागते, कारण रेझिनने बंद झालेल्या लाकडात रंग शिरत नाही.

रेझिन व हार्डनर उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मोजतात. वजनाचे आणि आकारमानाचे प्रमाण वेगळे असू शकते. हार्डनर जास्त घातल्याने लेप लवकर वाळत नाही, उलट तो मऊ राहतो. नीट ढवळलेले मिश्रण लाकडावर ओतून प्लास्टिकच्या लवचीक पट्टीने रेषांना तिरके दाबत पसरवतात आणि जादा द्रव्य खरवडून काढतात. उद्देश जाड थर देण्याचा नसून केवळ रंध्रे भरण्याचा असतो. लेप पूर्ण घट्ट झाल्यावर तो लाकडाच्या पातळीपर्यंत घासतात. खोल रंध्रांसाठी दुसरा हात द्यावा लागतो. शेवटी लाख, पॉलियुरेथेन किंवा अन्य लेप चढवतात.

हवामानाचा परिणाम

तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की अभिक्रियेचा वेग अंदाजे दुप्पट होतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी व मराठवाड्याच्या इतर भागांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. २५ अंशांना अर्धा तास वापरता येणारे मिश्रण अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांतच घट्ट होऊ लागते. भांड्यात साठून राहिलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने अधिक तापते. त्यामुळे थोडे-थोडेच मिसळून लगेच पसरवणे हिताचे ठरते.

सकाळी लाकूड तापत असताना रंध्रांतील हवा प्रसरण पावते आणि लेपात बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असताना हवा आकुंचन पावून रेझिन आत ओढले जाते. म्हणून उन्हाळ्यात हे काम दिवस कलल्यावर करणे सोयीचे असते. पावसाळ्यातील दमट हवेत काही हार्डनरमुळे लेपावर मेणचट थर येतो. तो घासण्यापूर्वी पाण्याने धुतला नाही, तर वरचा लेप नीट चिकटत नाही.

मर्यादा

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते, म्हणून उघड्यावरील वस्तूंना त्यावर अतिनील किरण रोखणारा लेप आवश्यक असतो. सामान्य तापमानाला घट्ट होणारी अनेक रेझिने ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात. लाखेचे पॉलिश स्पिरिटने उतरवता येते, तसे रंध्रांत बसलेले इपॉक्सी उतरवता येत नाही. त्यामुळे जुने फर्निचर आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांसारखी लाखेच्या पॉलिशची वाद्ये यांच्या दुरुस्तीत ही पद्धत टाळणे इष्ट ठरते.

सुरक्षितता

रेझिन व हार्डनर यांच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की सहसा कायम राहते आणि पुढे अल्प संपर्कानेही त्रास होतो. उघड्या हातांनी काम करणाऱ्या कारागिराला यामुळे हा व्यवसायच सोडावा लागू शकतो. नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा आणि घासताना धूळरोधक मुखपट्टी वापरणे आवश्यक आहे. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये, कारण थिनरमुळे ते त्वचेत अधिक शिरते. साबण आणि पाणी वापरावे.

हेही पहा

साग
लाख
सुतारकाम