एकाच मेजावरची दोन औषधे

शिकागोच्या आर्मर आणि कंपनी या मांसव्यापारी पेढीकडून 1950 नंतरच्या काही वर्षांत येल विद्यापीठातील एका त्वचारोगतज्ज्ञाकडे जो माल रवाना होत असे, त्याला कोणत्याही खाटकाच्या फळीवर गिऱ्हाईक मिळाले नसते. कत्तलखान्यातील गुरांच्या मेंदूच्या मध्यभागी दडलेली पिनिअल ग्रंथी तेवढी वेगळी काढून ही पेढी ती डॉ. आरन लर्नर यांना पुरवीत होती. आणि लर्नर व त्यांचे सहकारी अशा लाखावर ग्रंथींचा लगदा गाळीत, त्याचा अर्क काढीत, त्या अर्कातून पुन्हा दुसरा अर्क वेगळा करीत आणि प्रत्येक अंशाची परीक्षा बेडकाच्या कातडीवर पाहत सुमारे चार वर्षे या एकाच उद्योगात गढून गेले होते. त्यांना निद्रेशी काही कर्तव्य नव्हते. 1917 मध्ये मॅकॉर्ड आणि ॲलन या दोघा अमेरिकन संशोधकांनी गुरांच्या पिनिअलचा अर्क बेडकाच्या पिलांना दिला असता त्यांची कातडी फिकी पडते असे दाखवले होते, आणि लर्नर यांना त्या फिकेपणात कोडाच्या विकाराचे रहस्य सापडेल अशी आशा होती. पांढऱ्या डागांपायी ठरलेली लग्ने मोडल्याचे ज्या समाजाने पाहिले आहे, त्याला या जिद्दीचे मर्म वेगळे सांगायला नको.

1958 मध्ये तो पदार्थ हाती आला आणि त्याचे नाव मेलाटोनिन असे ठेवण्यात आले. कोडाच्या बाबतीत मात्र निराशाच पदरी पडली, कारण माणसाला मोठ्या मात्रेने टोचूनही त्याच्या वर्णात काही फरक पडेना; फक्त टोचून घेणाऱ्याला किंचित गुंगी येई. ही गुंगी दप्तरात नोंदली गेली आणि पुढे बराच काळ तिथेच पडून राहिली. तत्त्वज्ञ देकार्तने सतराव्या शतकात ज्या ग्रंथीला आत्म्याचे आसन म्हटले आणि आपल्याकडील कित्येक हौशी मंडळी जिला आजही तिसरा डोळा म्हणून ओळखतात, तिच्याविषयी पहिली ठोस बातमी अशा रीतीने एका कातडीच्या वैद्याकडून आली, हा इतिहासाचा विनोद मला फार आवडतो.

लर्नर यांचा लेख वाचून ज्यांचे कुतूहल चाळवले, ते ज्युलियस ॲक्सेलरॉड वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करीत होते. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली फुटून त्यांचा डावा डोळा गेलेला, आणि डॉक्टरेट पदरात पडली ती चाळिशी उलटल्यावर. शरीरातील द्रव्यांना मिथिल-गट जोडणाऱ्या एका विकराचा शोध त्यांनी नुकताच लावला होता, आणि मेलाटोनिनच्या रचनेत तोच गट बसलेला पाहून, हे द्रव्य शरीर कशापासून घडवीत असेल याचा त्यांनी हर्बर्ट वाइसबाख यांच्यासह छडा लावला. 1960 मध्ये उत्तर मिळाले. सिरोटोनिन हा कच्चा माल. त्यावर दोन विकरांचे संस्कार एकामागून एक झाले की पिनिअल ग्रंथीत मेलाटोनिन तयार होते.

आता या सिरोटोनिनला तोवर जी प्रतिष्ठा आली होती, तिच्यात मुंबईचाही थोडा वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उन्मादावर व निद्रानाशावर करण्याचा प्रघात या देशात पुरातन. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये तिची नोंद आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत केली, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. ते घेणाऱ्या काही रोग्यांचे मन खचत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. आणि 1955 मध्ये बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की रेसर्पिनमुळे शरीरातील सिरोटोनिनचा साठा रिता होतो. मन आणि हे द्रव्य यांची सांगड तेव्हापासून पडली. ॲक्सेलरॉड हे याच ब्रोडी यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबलेले.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. मेलाटोनिनची घडण उकलल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1961 मध्ये, ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांतून असे सिद्ध केले की मज्जातंतूंच्या टोकांतून बाहेर पडलेले नॉरॲड्रेनलिन ती टोके पुन्हा आत ओढून घेतात, आणि रोलंड कून यांनी स्वित्झर्लंडच्या एका मनोरुग्णालयात नैराश्यावर गुणकारी ठरवलेले इमिप्रामिन ही ओढ थोपवते. इमिप्रामिनसारखी औषधे नैराश्यावर काम कशी करतात याचा पहिला पुरावा तो हाच, आणि 1970 च्या नोबेल पारितोषिकाचे मुख्य कारणही हेच काम. मेलाटोनिनची झोपेची गोळी आणि उदासीवरची गोळी या दोहोंचा वंशवृक्ष असा एकाच प्रयोगशाळेच्या एकाच मेजापाशी येऊन मिळतो.

मेलाटोनिन अंधारात वाढते आणि उजेडात घटते; पिनिअलवरील हा अंधाराचा अंमल रिचर्ड वुर्टमन यांनी ॲक्सेलरॉड यांच्याच सहवासात उंदरांमध्ये दाखवून दिला. आणि माणसाच्या बाबतीत तो आल्फ्रेड लुई यांनी 1980 मध्ये सिद्ध केला, मध्यरात्री प्रखर दिवा लावला की रक्तातील मेलाटोनिन झपाट्याने उतरते असे दाखवून. डोळ्यांकडून मेंदूतील कालमापक केंद्राकडे, तिथून खाली मज्जारज्जूत, आणि पुन्हा वर मानेतून पिनिअलपर्यंत असा हा निरोप फिरत जातो, आणि शेवटच्या टप्प्यावर तो पोहोचवणारे द्रव्य असते नॉरॲड्रेनलिन. म्हणूनच नॉरॲड्रेनलिन वाढवणारे डेसिप्रामिन दिल्यावर रात्रीचे मेलाटोनिन चढते, हे 1980 नंतरच्या काही वर्षांत दिसून आले तेव्हा तज्ज्ञांना फारसे आश्चर्य वाटले नाही.

या दोन्ही गोळ्यांच्या बाजाराचा विचार करताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. 1961 पासून प्रचारात आलेले ॲमिट्रिप्टिलिन हे जुने औषध रात्री घेतले की उदासीवर उपाय होई आणि झोपही लागे. तोंड कोरडे पडणे, मलावरोध, हृदयावरील ताण ही किंमत मोजावी लागे ती निराळी, आणि मात्रा फार झाली तर प्राणावर बेते. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्झेटिनला परवाना मिळाला आणि त्याच्या जातीची अधिक निर्धोक औषधे घरोघर पोहोचली. परंतु त्यांनी मन सावरले तरी कित्येकांची झोप उडवली. एकाच गोळीत मिळणारे दोन जिन्नस असे वेगळे झाले, आणि झोपेपुरती जी जागा रिकामी पडली ती भरून काढायला कोणी तरी येणारच होते.

तो योग 1994 मध्ये जुळून आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत आहारपूरक पदार्थांचा नवा कायदा झाला, आणि विक्रीपूर्वी माल सुरक्षित व गुणकारी असल्याची रुजुवात करून देण्याची जबाबदारी उत्पादकावर राहिली नाही. मेलाटोनिन हे संप्रेरक असूनही जीवनसत्त्वांच्या डब्यांशेजारी मांडले जाऊ लागले. डिसेंबरात फ्लुव्होक्सामिन या, सिरोटोनिनवर चालणाऱ्या औषधाला अमेरिकन सरकारने परवाना दिला. पहिल्या गोळीला चिठ्ठी लागत नसे, दुसरीला लागे, आणि यामुळे दोघींची गाठ एकाच माणसाच्या पोटात पडली तरी कागदोपत्री ती कुठेच दिसत नसे. 1995 मध्ये मेलाटोनिनला चमत्कार ठरवणारे एक पुस्तक निघाले आणि खप कल्पनेपलीकडे गेला. त्या गर्दीत गुरांच्या ग्रंथीतून काढलेले ‘नैसर्गिक’ मेलाटोनिनही विकले जात होते. लवकरच ब्रिटनमध्ये गाईंच्या वेडाची साथ माणसाला भोवल्याचे उघड झाले आणि नैसर्गिकपणाचे ते कौतुक ओसरले.

वुर्टमन यांनी याच सुमारास एमआयटीत दाखवले होते की निद्रेसाठी 0.3 मिलिग्रॅम एवढी अल्प मात्रा पुरते. दुकानांत मात्र 3, 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांचाच शिरस्ता पडला. त्यातही डब्यावर छापलेला आकडा आणि आतला ऐवज यांचा मेळ असेलच असे नाही: 2017 मध्ये कॅनडातील संशोधकांनी 31 उत्पादने तपासली तेव्हा कुठे छापील प्रमाणापेक्षा 83 टक्के कमी, तर कुठे 478 टक्के अधिक मेलाटोनिन निघाले, आणि 8 नमुन्यांत चक्क सिरोटोनिन आढळले. पोटात गेलेले सिरोटोनिन सहसा तिथेच व यकृतात मोडले जाते. पण ते मोडणाऱ्या विकरालाच रोखणारी, इप्रोनायझिडच्या घराण्यातील जुनी नैराश्यरोधके जो घेत असेल त्याच्या दृष्टीने ही भेसळ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

फ्लुव्होक्सामिनची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. ते घेणाऱ्यांच्या रक्तात रात्रीचे मेलाटोनिन वाढते हे 1980 नंतरच्या दशकातच लक्षात आले होते. औषध सिरोटोनिनवर चालते, मेलाटोनिन सिरोटोनिनपासून बनते, तेव्हा कच्चा माल वाढला म्हणून पक्का माल वाढला, असा सरळ तर्क करण्यात आला. तर्क देखणा होता आणि अपुरा होता. त्याच जातीचे सिटालोप्राम दिले तर मेलाटोनिन हलत नाही, हे 2000 साली स्वीडनमधील प्रयोगाने दाखवले. त्याच वर्षी जर्मनीत 5 निरोगी पुरुषांना 5 मिलिग्रॅम मेलाटोनिन, एकदा नुसते आणि एकदा 50 मिलिग्रॅम फ्लुव्होक्सामिनबरोबर, देण्यात आले; दुसऱ्या वेळी रक्तातील मेलाटोनिनची कमाल पातळी सुमारे 12 पट आणि शरीराला लाभलेले एकूण प्रमाण 17 पट भरले. कारण पिनिअलमध्ये नव्हतेच, यकृतात होते. मेलाटोनिनचा निकाल लावणारे सीवायपी1ए2 नावाचे विकर फ्लुव्होक्सामिन अडवून धरते, आणि मेलाटोनिन बाहेर पडायला वाट न मिळून तुंबते. (धूम्रपानाने हेच विकर जोरात येते, आणि म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात मेलाटोनिन कमी टिकते.)

युरोपने 2007 मध्ये सर्कॅडिन या नावाच्या, सावकाश विरघळणाऱ्या 2 मिलिग्रॅमच्या गोळीला परवाना दिला तो औषध म्हणून, पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी, आणि तिच्या माहितीपत्रकात फ्लुव्होक्सामिनबरोबर ती घेणे टाळावे अशी स्पष्ट ताकीद छापली. दोनच वर्षांनी ॲगोमेलाटिन आले. ते मेलाटोनिनच्याच ग्राहींवर बसते आणि नैराश्यावर दिले जाते, म्हणजे बेथेस्डाच्या मेजावरचे दोन धागे त्या एका रेणूत पुन्हा एकत्र आले. आणि फ्लुव्होक्सामिनबरोबर ते देण्यास तर साफ मनाई आहे. एकच द्रव्य अटलांटिकच्या एका काठावर औषधाचा परवाना मिळवते आणि दुसऱ्या काठावर खाऊ ठरते, हा भेद रसायनाने घातलेला नाही, कायद्याने घातला आहे, आणि माझ्या मते या बाबतीत युरोपचे दप्तर अधिक शहाणे आहे.

फ्लुऑक्झेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम यांच्या बाबतीत एवढा मोठा फेरफार होत नाही, वाढलेली गुंगी तेवढी सांभाळावी लागते; फ्लुव्होक्सामिनचा अपवाद मात्र पक्का आहे, आणि आपल्याकडे मंत्रचळावर ते नित्य लिहून दिले जाते. तेव्हा झोपेसाठी दुकानातून किंवा परदेशच्या पाहुण्याकडून मेलाटोनिनची बाटली आणली असेल, तर मनाच्या औषधांची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे ती बाटलीही ठेवावी, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता घेतो हे सांगावे, आणि चालू औषध आपल्या मर्जीने बंद करू नये.