पद्मदुर्गापलीकडचे पाणसुरुंग

मुरूडच्या पुळणीवरून समुद्रातला पद्मदुर्ग दिसतो. या किनाऱ्याच्या आरमारी इतिहासाविषयी लिहिताना आपली लेखणी सिद्दी, शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे यांच्याभोवती फिरते आणि 1756 मध्ये विजयदुर्ग पडला की थांबते. मीही बरीच वर्षे तसेच मानत आलो. पण याच पाण्यात पहिल्या महायुद्धातले एक प्रकरण घडले, आणि त्याचा कर्ता एक जर्मन नौदल अधिकारी होता.

कार्ल आउगुस्ट नेर्गर याचा जन्म 1875 मध्ये रोस्टॉक येथे झाला. ऑगस्ट 1914 मधील हेलिगोलँडच्या लढाईत 'स्टेटिन' ही क्रूझर त्याच्या हाताखाली होती. 1916 मध्ये मात्र त्याच्याकडे एक साधे मालवाहू जहाज आले. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचे हे जहाज. ही कंपनी युद्धापूर्वी हिंदुस्थानशी व्यापार करी. जहाजाचे नवे नाव 'वुल्फ'. बाहेरून व्यापारी रूप, आत तोफा, टॉर्पेडो, एक छोटे समुद्री विमान आणि साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग. 30 नोव्हेंबर 1916 रोजी त्याने कील सोडले आणि कोणत्याही बंदराचा आसरा न घेता 451 दिवसांनी, 24 फेब्रुवारी 1918 रोजी तो परतला. कोळसा आणि अन्न तो पकडलेल्या जहाजांतून मिळवी.

फेब्रुवारी 1917 मध्ये 'वुल्फ'ने कोलंबोच्या आणि मग मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरले. फेब्रुवारीतला आपला समुद्र शांत असतो. मुंबईच्या समुद्रात त्यानंतर जवळजवळ चार महिने काही घडले नाही. जूनमध्ये पावसाळा उसळला आणि जहाजांना धक्के बसू लागले. 23 जूनला पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' मुंबईच्या दक्षिणेस सुमारे 50 मैलांवर, म्हणजे मुरूड-श्रीवर्धनसमोरच्या समुद्रात, सुरुंगावर आदळून काही मिनिटांत बुडाली. 23 माणसे गेली. या कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा कोकण-गुजरातचे, तर खानपानाची कामे करणारे गोव्याचे असत, हे ध्यानात घेतले की हा आकडा परका राहत नाही. त्या सुमारास नेर्गर हजारो मैल दूर, न्यूझीलंडजवळ नवे सुरुंग टाकत होता.

मला या माणसाचे मोजमाप करणे अवघड जाते. त्याने स्वतः पकडलेली जहाजे 14. त्यांवरची माणसे आधी 'वुल्फ'वर घ्यायची आणि मगच जहाज बुडवायचे, हा त्याचा रिवाज. परतताना साडेचारशेहून अधिक कैदी त्याच्या जहाजावर होते. अखेरीस कैद्यांना आणि खलाशांनाही स्कर्व्हीने ग्रासले होते. समोर दिसणाऱ्या शत्रूशी तो असा वागे. सुरुंगाला मात्र समोर कोण आहे ते दिसत नाही. आंग्र्यांची गलबते अंगावर चालून येत, दस्तक मागत. ज्याच्यावर हल्ला होई त्याला निदान शरण जाण्याची संधी असे. 'मंगोलिया'च्या खलाशाला ती नव्हती.

जर्मनीने नेर्गरला 'पुर ल मेरित' हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. धाडस आणि दर्यावर्दीपण यांच्या कसोटीवर तो त्याला शोभतो, असे माझे मत आहे. युद्धानंतर त्याने सीमेन्सच्या कारखान्यात नोकरी केली. 1945 मध्ये सोव्हिएत फौजांनी त्याला अटक केली आणि जानेवारी 1947 मध्ये, पूर्वी नाझींची छळछावणी असलेल्या साक्सेनहाउझेन येथे, तो कैदेतच वारला.

नेर्गरच्या पदकाची नोंद जगभरच्या नौदल इतिहासांत आहे. 'मंगोलिया'बरोबर गेलेल्यांची आठवण ठेवणारा एखादा दगडही मला या किनाऱ्यावर आढळलेला नाही. आपल्या आरमारी इतिहासाचे पुस्तक 1756 वर न मिटता 1917 पर्यंत उघडे ठेवले, तर त्यात त्यांच्यासाठी एक पान निघेल.