इस्राएलाचा पहिला राजा

ज्युबिली हा शब्द आज आमच्या तोंडीं सहज येतो. परंतु त्याचें मूळ हिब्रू भाषेंतील ‘योबेल’ ह्या शब्दांत, म्हणजे मेंढ्याच्या शिंगांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें दर ५० व्या वर्षीं हें शिंग वाजावें, दारिद्र्यापायीं दास झालेल्या बांधवांस मोकळीक मिळावी आणि विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाकडे परत जावी, असा नियम होता. भूमि परमेश्वराची, मनुष्य तिच्यावर उपरा, हें त्या नियमाचें बीज. ज्या राष्ट्राचा धर्मनियम असा, त्या राष्ट्रानें एके दिवशीं राजा मागितला. त्या मागणीची हकीकत ज्युबिलीच्या ह्या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

ही हकीकत शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत आहे. जुन्या लॅटिन बायबलांत त्याच ग्रंथास राजांचें पहिलें पुस्तक म्हणत असत. काळ इसवी सनापूर्वींच्या अकराव्या शतकाच्या सुमाराचा. इस्राएलाच्या बारा वंशांस राजधानी नव्हती, खडें सैन्य नव्हतें. संकट ओढवलें म्हणजे कोणी शास्ता पुढें येई आणि लोकांस सोडवी. समुद्रकांठीं मात्र गज्जा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन व गथ ह्या पांच नगरांत पलिष्टी लोक प्रबळ झाले होते. त्यांनीं एकदां रणांगणावरून कराराचा कोशही हिरावून नेला होता. त्यांच्या धाकानें इस्राएलांत लोहार म्हणून उरला नाहीं. नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड पाजविण्यासाठीं शेतकऱ्यास शत्रूच्याच दारीं जावें लागे. त्या पाजवणीच्या संदर्भांत ग्रंथांत ‘पीम’ हा शब्द येतो, आणि तोच शब्द कोरलेलीं, आठ ग्रॅमहून किंचित् कमी भाराचीं दगडी वजनें उत्खननांत सांपडलीं आहेत.

घरची स्थितीही बरी नव्हती. शमुवेल वृद्ध झाला होता, आणि बैर-शेबा येथें शास्ते म्हणून नेमलेले त्याचे दोघे पुत्र, योएल व अबीया, लांच घेऊन न्याय विपरीत करीत. तेव्हां इस्राएलाचे वडील रामा येथें जमले आणि इतर राष्ट्रांसारखा आपणांसही राजा असावा, असें त्यांनीं शमुवेलास विनविलें. त्यांस केवळ मूर्ख म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्यांच्या दारीं शत्रु होता, आणि न्यायासनावर लोभ बसला होता.

शमुवेलास वाईट वाटलें. परंतु हा नकार तुला नसून मला आहे, तथापि त्यांस राजाची रीत सांग आणि त्यांचें म्हणणें मान्य कर, अशी परमेश्वराची आज्ञा झाली. मग शमुवेलानें जो इशारा दिला, त्यांत एकच गोष्ट पुन्हां पुन्हां येते: राजा घेईल. तो मुलगे रथांपुढें धांवावयास घेईल, मुली स्वयंपाकास व भाकरी भाजावयास घेईल. उत्तम शेतें, द्राक्षमळे व जैतुनांच्या बागा घेऊन आपल्या चाकरांस देईल. धान्याचा व कळपांचा दहावा हिस्सा घेईल. योबेलाचें शिंग जी जमीन कुळास परत देणार, तीच राजाचा हात काढून घेणार! लोक ऐकेनात.

निवड झाली ती बन्यामीन वंशांतील कीशाचा पुत्र शौल ह्याची. बापाचीं हरवलेलीं गाढवें शोधीत तो शमुवेलाकडे आला, आणि शमुवेलानें एकांतीं त्याच्या मस्तकावर तेल ओतलें. पुढें मिस्पा येथें सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकिल्या. त्याचें नांव निघालें, पण तो सामानसुमानाच्या आड लपून बसला होता! त्याच वेळीं शमुवेलानें राज्याचे नियम पुस्तकांत लिहून तें परमेश्वरासमोर ठेविलें. राजा सिंहासनावर स्थिर होण्यापूर्वींच नियम लिहिला गेला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

कित्येकांनीं शौलाची अवहेलना केली. तो उगा राहिला. इतक्यांत अम्मोनी नाहाशानें याबेश-गिलादास वेढा घालून प्रत्येकाचा उजवा डोळा काढण्याची अट घातली. १९५२ सालीं मृत समुद्राजवळ कुमरान येथें सांपडलेल्या एका प्राचीन प्रतींत तर असें आहे कीं, यार्देनेपलीकडील गाद व रऊबेन वंशांचे डोळे त्यानें आधींच काढविले होते, आणि ७००० माणसें निसटून याबेशांत आश्रयास आलीं होतीं. शौल तेव्हां बैलांमागून शेतांतून येत होता. वार्ता ऐकतांच त्यानें लोक जमविले आणि नगर सोडविलें. निंदकांस मारावें, असें लोक म्हणाले. शौलानें मारूं दिलें नाहीं. मग गिलगाल येथें त्याचें राज्य सर्वांनीं पुन्हां मान्य केलें.

तेल, चिठ्ठी आणि विजय अशा तीन वाटांनीं ही एकच निवड सांगितली आहे. एके ठिकाणीं राजा वरदान भासतो, तर दुसरीकडे अपराध. येथें निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत, असें विद्वान मानतात. ग्रंथकारानें कोणताही सूर पुसून टाकिला नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.

शेवटीं शमुवेलानें निरोप घेतला. आपण कोणाचा बैल, कोणाचें गाढव घेतलें काय, कोणाकडून लांच घेतली काय, हें नव्या राजासमक्ष सांगा, असें त्यानें लोकांस विचारिलें. आणि त्यानें कांहींच घेतलें नाहीं, अशी साक्ष सर्वांनीं दिली. ज्याच्या पुत्रांनीं घेतलें, त्या बापानें सत्ता सोडतांना आपला हिशेब चव्हाट्यावर मांडला! राजा घेईल ह्या इशाऱ्याचें खरें उत्तर हेंच.

शौल पुढें आज्ञाभंगानें पतन पावला आणि गिलबोवा डोंगरावर मेला. शत्रूनें बेथ-शानच्या तटावर टांगलेलें त्याचें प्रेत रातोरात काढून आणिलें तें याबेशच्याच माणसांनीं. इशाराही खरा ठरला: इसवी सनापूर्वींच्या नवव्या शतकांत अहाब राजाच्या हव्यासापायीं नाबोथाचा प्राण गेला आणि त्याचा वडिलोपार्जित द्राक्षमळा राजानें घेतला. तेव्हां एलीया संदेष्टा त्या मळ्यांतच राजापुढें उभा ठाकला.

इस्राएलास राजा मिळाला. परंतु राजास जाब विचारणारा आवाजही त्याच दिवसापासून राहिला. ज्युबिलीचें वर्ष हें परत देण्याचें वर्ष. ज्यांच्या हातीं चार जणांचें कांहीं सोंपविलें आहे, त्या आम्हां सर्वांस गिलगालचा तो वृद्ध आजही विचारीत आहे: तूं कोणाचा बैल घेतलास काय?