शीडहोडी : जोरदार वाऱ्यातील हाताळणी

बोफर्ट मापक्रमात ताशी ३९ ते ४९ किमी. वेगाचा वारा सहाव्या क्रमांकाचा असून तो लहान शीडहोडीस धोक्याचा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील जोर सुमारे चौपट होतो. म्हणून वारा वाढण्याआधीच शिडाचा खालचा पट्टा दुमडून आडव्या वाशाला बांधतात. पाण्यावर गडद सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला, की झोत जवळ आला असे समजावे. अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडावी, नाळ वाऱ्याकडे वळवावी आणि वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून होडीचा तोल सावरावा. शिडाची दोरी कधीही पक्की बांधून ठेवू नये. वारा पाठीशी असताना वासा अचानक फिरून डोक्यावर आदळू शकतो. जीवरक्षक जाकीट आवश्यक असते. होडी उलटल्यास पोहत किनारा गाठण्याऐवजी तिला धरून राहावे.